चोवीस तासांची ड्यूटी: आदल्या रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत

रोस्टरवर ड्यूटी सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ अशी लिहिलेली असते. प्रत्यक्षात ओव्हर देऊन (पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हाती सोपवून), राउंड आटपून, राहिलेले डिस्चार्ज लिहून वॉर्डातून पाय निघेपर्यंत दुपारचे बारा-एक वाजतात. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास. नाशिकच्या मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टर असा, इंटर्न असा, नाहीतर मुंबई नाका किंवा गंगापूर रोडवरच्या खासगी रुग्णालयात आरएमओ म्हणजे तिथले निवासी वैद्यकीय अधिकारी असा, हे गणित थोड्याफार फरकाने तेच. त्यात टिकून राहण्यासाठी नवा जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, सगळ्यात आधी चहा वाढवतो. आम्ही जे शिकलो ते उलट आहे: ड्यूटीवर अंगात जी ताकद असते, ती बरीचशी आदल्या दोन रात्रींच्या झोपेतून आणि रात्री वाचवलेल्या फेऱ्यांतून येते. चहाचा वाटा त्यात फार थोडा.

ड्यूटी बुधवारी असेल तर सोमवारी आणि मंगळवारी रात्री नेहमीपेक्षा तासभर आधी अंथरुणावर पडायचं. साडेअकराऐवजी साडेदहा. दोन रात्री मिळून दोन तास जास्तीचे जमा होतात आणि बुधवारी मध्यरात्रीनंतर ते जाणवतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘उद्या तशीही झोप नाही, आजच वाचून घेऊ’ म्हणत एक-दीडपर्यंत जागणं. पाच तास झोपून ड्यूटीला उभा राहिलेला माणूस रात्री दहालाच दुसऱ्या दिवशीच्या पहाटेसारखा वागायला लागतो. ड्यूटी फक्त रात्रीची, आठ ते आठ असेल तर दुपारी दोन ते साडेतीन झोपायचं. दीड तासात झोपेचं साधारण एक पूर्ण चक्र होतं. पाऊण-एक तासाने गजर लावला तर बहुधा गाढ झोपेतच जाग येते आणि डोकं संध्याकाळपर्यंत जड राहतं. एकतर वीस मिनिटं झोपा, नाहीतर नव्वद.

बॅगेत स्क्रबचा (ड्यूटीवरच्या सुती कपड्यांचा) दुसरा जोड, मोजे, टूथब्रश, चार्जर, अर्ध्या लिटरची बाटली आणि थंडीत स्वेटर. बूट पुढून बंद असावेत, कारण सुई पडते ती नेमकी पायावर. शिवाय अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) तासन् तास उभं राहावं लागत असेल तर गुडघ्यापर्यंतचे १५ ते २० मिमी पारा (mmHg) दाबाचे कॉम्प्रेशन मोजे घ्या. घोट्याचं आणि पोटरीचं माप सकाळी, सूज नसताना द्यायचं. मोजे घालायचेही सकाळीच. दुपारी पाय ठणकायला लागल्यावर चढवून काही उपयोग नाही.

डबा दोन भागांत न्यायचा. रात्रीचं मुख्य जेवण नऊच्या आत: दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, वाटीभर मटकीची उसळ किंवा वरण, दही. नंतर रात्री एकच्या सुमारास थोडंसं: मूठभर म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, एक केळं, अंडी खात असाल तर दोन उकडलेली. मध्यरात्रीनंतर पोटाचं कामही मंदावलेलं असतं. तेव्हा कँटीनचा वडापाव किंवा कुणाच्या वाढदिवसाची बिर्याणी पोटात गेली की तासाभरात छातीत जळजळ आणि डोळ्यांवर झापड, दोन्ही एकदम. पाणी हिवाळ्यात दिवसाला अडीच लिटर, एप्रिल-मेमध्ये तीन ते साडेतीन. बाटली अर्ध्या लिटरची घेतली की किती वेळा भरली हे लक्षात राहतं. मुली अनेकदा बाथरूम लांब आणि अस्वच्छ म्हणून पाणीच पीत नाहीत आणि महिन्या-दोन महिन्यांनी लघवीचा संसर्ग घेऊन स्वतःच केसपेपर काढतात. ज्या मजल्यावरचं बाथरूम बरं असेल त्याची चौकशी पहिल्याच दिवशी मावशींकडे करून ठेवायची.

चहा-कॉफीचा हिशेब असा. कपभर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, इन्स्टंट कॉफीच्या कपात ६० ते ८०, एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलीच्या डब्यात ७५-८० आणि वर सुमारे २७ ग्रॅम साखर. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० च्या आत राहावं, गरोदरपणात दिवसभरात २०० च्या आत. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना जवळपास दुप्पट. म्हणून दुपारी एकला झोपायचं असेल तर शेवटची कॉफी पहाटे तीनला, त्यानंतर नाही. सकाळच्या राउंडआधी साडेसातला जो कडक चहा सगळे घेतात, तोच दुपारची झोप खातो. त्या वेळी गार पाण्याने तोंड धुऊन, दात घासून, कपडे बदलले तर निम्मं काम होतं. हे लिहायला किरकोळ वाटतं, पण स्क्रब बदलून राउंडला उभा राहिलेला आणि रात्रीच्याच स्क्रबमध्ये उभा राहिलेला यांच्या चेहऱ्यांत फरक दिसतो. सरांनाही दिसतो.

आता रात्रीच्या फेऱ्या. झोप मिळत नाही याचं कारण दर वेळी सिरियस पेशंट नसतो. ताप आला, उलटी झाली, इंट्राकॅथ (शिरेतली सलाईनची नळी) निघालं, सलाईन संपलं, पुढचं लावायचं की नाही, पेशंटला झोप येत नाही, साखर २८० आली: रात्री अकरा ते चारमधले बहुतेक फोन हेच असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशांचं उत्तर नऊ वाजताच देता येतं. म्हणून नऊ ते दहा या तासात सिस्टरांना बरोबर घेऊन प्रत्येक खाटेपाशी उभं राहायचं. नुसतं चालत जायचं नाही, थांबायचं. इंट्राकॅथची जागा दाबून बघायची. सुजली असेल तर तेव्हाच बदलायची, कारण पहाटे अडीचला तीच शीर सापडायला तिप्पट वेळ लागतो. ताप, उलटी आणि दुखणं यांसाठी एसओएस, म्हणजे गरज पडल्यास द्यायचं, औषध डोस, मार्ग आणि किती तासांनी पुन्हा देता येईल यासह लिहून ठेवायचं. ‘एसओएस पॅरासिटामॉल’ एवढंच लिहिलं तर सिस्टर फोन करणारच आणि त्यांचं बरोबरच आहे. सलाईन किती वाजेपर्यंत आणि त्यानंतर काय हे लिहायचं. इन्सुलिनवरच्या पेशंटची साखर किती वाजता बघायची, कितीच्या वर किंवा खाली गेल्यास फोन करायचा, हा आकडा लिहायचा. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांचेही आकडे द्यायचे: ‘वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला तर मला उठवा.’ शेवटी विचारायचं, ‘सिस्टर, रात्री अजून काय लागेल?’ जुन्या सिस्टरांना ते आपल्याआधी माहीत असतं. एवढं करून निवांत वॉर्डात सलग दोन तास मिळू शकतात, न केल्यास पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे.

याला जोड कागदाची. एक ए-फोर कागद उभा-आडवा दुमडून खिशात मावेल असा करायचा. एका ओळीत एक पेशंट: खाट, आडनाव, आजार, आणि पुढे कामांचे रिकामे चौकोन. सॅम्पल पाठवलं की चौकोनात तिरकी रेघ. रिपोर्ट बघून त्यावर जे करायचं ते केलं की चौकोन पूर्ण काळा. गोंधळ तिरकी रेघ आणि काळा चौकोन यांच्या मधल्या जागेत होतो: रक्त गेलं, रिपोर्ट आला, पोटॅशियम धोकादायक, ६.२ होतं आणि कुणी बघितलंच नाही. मोबाइलवर यादी करणारे पुष्कळ आहेत. पण मोबाइल उघडला की युनिटच्या ग्रुपवरचे चाळीस मेसेज समोर येतात. कागदावर मेसेज येत नाहीत. युनिटचा आणि वॉर्डाचा असे दोन ग्रुप वर पिन करून बाकी सगळे म्यूट. गाव, शाळा, बॅच, सगळे.

वेळ खाणाऱ्या आणखी दोन गोष्टी. पहिली, नातेवाईक. प्रत्येक जण कॉरिडॉरमध्ये अडवून तेच विचारतो, कारण आधी त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी सात अशा दोन वेळा ठरवून वॉर्डात सांगून ठेवल्या आणि त्या खरोखर पाळल्या, तर अडवणूक कमी होते. एका पेशंटचे दोनच नातेवाईक, आणि त्यांतला एक दोन्ही वेळी तोच. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या माणसांना शहरात राहायला जागा नसते. ती रात्रभर दाराशीच असतात. त्यांना सातला नीट सांगितलं नाही तर दोनला दार वाजणार. दुसरी गोष्ट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद. योजनेतल्या पेशंटचे क्लिनिकल नोट्स, रिपोर्ट आणि फोटो संध्याकाळीच आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडे, पोचवायचे. राहिले तर पोस्ट-ड्यूटीच्या (ड्यूटी संपल्या दिवशीच्या) दुपारी, नेमकी झोप लागल्यावर, फोन येतो. डिस्चार्ज कार्डाचं तसंच: नाव, तक्रार, पूर्वेतिहास, दाखल होतानाची तपासणी एवढा भाग दाखल केल्या रात्रीच लिहून ठेवायचा. तेव्हा सगळं डोक्यात ताजं असतं. पाचव्या दिवशी फाइल चाळत बसावं लागतं.

एक ते तीनच्या मध्ये वीस ते तीस मिनिटांची डुलकी घ्यायचीच, दोघांनी वाटून. एक झोपतो तेव्हा दुसऱ्याकडे दोन्ही फोन. कॉफी घ्यायची असेल तर डुलकीच्या आधी. कॅफिन चढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात झोप होते. उठल्यावर मात्र पहिली पंधरा-तीस मिनिटं डोकं जागेवर नसतं, आणि याच वेळेत घोटाळे होतात. फोनवर ‘हो, द्या’ म्हणून पुन्हा झोपलेल्या डॉक्टरला सकाळी आठवतही नाही की काय द्यायला सांगितलं. म्हणून फोन आला की उभं राहायचं, दिवा लावायचा, पेशंटचं नाव आणि औषधाचा डोस स्वतः मोठ्याने बोलायचा आणि सिस्टरांना परत म्हणायला लावायचा. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपरिन, मॉर्फिन, मुलांचे डोस यांच्यासाठी फोन नाहीच. चालत जायचं.

नाशिकच्या रात्रीला स्वतःचं एक वेळापत्रक आहे. दिंडोरी-निफाडकडून द्राक्षाच्या फवारणीचं औषध प्यालेला पेशंट आला की सगळं नियोजन बाजूला. अशा कीटकनाशकाच्या (ऑर्गॅनोफॉस्फरस) विषबाधेत अॅट्रोपिन हा उतारा १.८ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं, छाती कोरडी होईपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर येईपर्यंत. अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. म्हणजे ३ मिलिग्रॅमपासून सुरू केलं तर पाच, दहा, वीस अशा अँप्यूल फोडायच्या. हे काम एकट्याचं नाही. एक इंटर्न फक्त फोडायला आणि कागदावर वेळ-मात्रा लिहायला, एक जण छाती ऐकायला. रुग्ण स्थिरावला की एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाईनमधून. त्यानंतर खोलीत परत जायचं नाही. त्याच खाटेजवळ स्टूल घेऊन बाकीचे डिस्चार्ज तिथेच लिहायचे. एकतर पेशंट पुन्हा बिघडू शकतो, शिवाय ये-जा करण्यात दोन्ही कामं अर्धवट राहतात. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडून सर्पदंश येतात. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायची असते. तिचा गजर सुरुवातीलाच मोबाइलवर खाट क्रमांकासह लावून ठेवायचा, लक्षात ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही. पावसाळा संपता संपता डेंगी वाढला की खाटा भरतात आणि डुलकीचं गणित कोलमडतं. त्या दिवसांत डुलकीऐवजी दोन तासांनी दहा मिनिटं पाय वर करून बसणं एवढंच होतं. तेही करावं.

पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की डॉक्टर रूममध्ये हुडहुडी भरते आणि वाटतं की आपल्यालाच ताप येतोय. स्वेटर चढवा, मोठे दिवे लावा, उभ्याने करायची कामं याच वेळी करा: ड्रेसिंग, सॅम्पल, व्हायटल्सची (नाडी, रक्तदाब वगैरेंची) फेरी. आकडेमोड, गुंतागुंतीची फाइल, नातेवाइकांना वाईट बातमीचे तपशील समजावणं यातलं जे थांबू शकतं ते सहानंतर. जे थांबू शकत नाही ते दोघांनी मिळून तपासायचं. सुई टोचायच्या आधी खाट कमरेपर्यंत वर घ्या किंवा स्टूलवर बसा. वाकून दहा रक्तं काढली की सकाळी कंबर धरते आणि तो दोष आपण जागरणावर ढकलतो.

ओव्हर देताना सगळ्यात आजारी पेशंट आधी, मग खाटांच्या क्रमाने. प्रत्येकाबद्दल: किती आजारी, थोडक्यात काय, काय करायचं राहिलंय, काय होऊ शकतं आणि झालं तर काय, आणि शेवटी घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. या पद्धतीला आय-पास म्हणतात. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत ती लागू केल्यावर उपचारांतल्या चुका २३ टक्क्यांनी घटल्या, असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या दृष्टीने तिचा दुसरा फायदा असा, की नीट ओव्हर दिलं तर घरी फोन येत नाही.

घरी जाणं हा ड्यूटीचाच भाग समजा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असं १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. आणि आपण २७ तासांनंतर दुचाकी काढून द्वारका सर्कलच्या गर्दीत शिरतो. त्या दिवशी गाडी घरीच ठेवावी. सिटीलिंकची बस, रिक्षा किंवा ड्यूटी न केलेल्या मित्राची गाडी. दुसरा मार्गच नसेल तर आधी रुग्णालयातच वीस मिनिटं झोपून, त्यानंतर अर्धा तास थांबून निघायचं. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप लांबत नाही. उन्हात गॉगल लावा, नाहीतर शरीर समजतं की सकाळ झाली.

वाटेत मिसळ खायचा मोह नाशिकमध्ये टाळणं कठीण, हे मान्य. तर्री पिऊन लगेच आडवं झालं की आम्लपित्त झोपू देत नाही. मिसळ रविवारी. त्या दिवशी उपमा, दही-पोहे, अंडं-पोळी यांतलं काहीतरी, अर्ध्या पोटाने. मग अंघोळ, काळा पडदा, फोमचे इअरप्लग, आणि ते नीट गुंडाळून, कान वर ओढून आत बसवायचे, नुसते कानाशी लावायचे नाहीत. दुपारी एकला झोपलात तर चारला उठायचं, लवकर सुटलात तर त्याहून लवकर. जास्तीत जास्त तीन तास. घरच्यांना सांगून ठेवा, ‘आई, चारला उठव, कितीही कुरकुर केली तरी.’ इथे सहा-सातपर्यंत झोपणारे रात्री तीनपर्यंत टक्क जागे राहतात आणि तिसऱ्या दिवशीचा राउंड बिघडतो. रात्री दहाला झोपलं की घडी बसते. सलग पाच-सात रात्रीच्या ड्यूट्या असतील तर हिशेब वेगळा: रोज सकाळी नऊ ते एक ही चार तासांची झोप पक्की, सुट्टीच्या दिवशीही. उरलेले दोन-तीन तास संध्याकाळी जमेल तसे.

पोस्ट-ड्यूटीला अभ्यास करू नये, थीसिसही नाही. त्या दिवशी वाचलेलं टिकत नाही. थीसिसचा प्रोफॉर्मा (माहितीचा तक्ता) पेशंट घेतला त्याच दिवशी भरायचा. महिन्याने फाइल रेकॉर्ड रूममध्ये शोधणं म्हणजे अर्धा दिवस. अभ्यास साध्या दिवसाच्या संध्याकाळी, चाळीस मिनिटांत पंचवीस प्रश्न आणि चुकलेल्यांचंच वाचन.

व्यायामही तसाच. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथे डॉक्टर आणि सायकल ही जोडी जमली आहे. पण जागरणानंतर त्र्यंबकेश्वरला सायकलवर निघणं म्हणजे हायवेवर झोपाळलेला माणूस. जागरणाच्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटं चालणं पुरे, मग ते गोल्फ क्लब मैदानावर असो की इमारतीच्या गच्चीवर. आठवड्यातून दोन साध्या दिवशी उठाबशा, जोर आणि पाठीचे व्यायाम, प्रत्येकी तीन फेऱ्या. कंबर आणि खांदे तेवढ्याने टिकतात.

सलग दोन रात्री पूर्ण झोपूनही थकवा जात नसेल तर त्याला ड्यूटी म्हणू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२ आणि साखर तपासा. शाकाहारींत बी-१२ कमी निघणं नेहमीचं आहे, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ३० च्या खाली असू शकतं. दोन आठवडे खोकला असेल, वजन घटत असेल तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्या, आपण रोज त्याच हवेत असतो. हिपॅटायटिस बीची तिसरी लस झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) बघायचा, १० च्या वर हवा. झोपेसाठी अल्प्राझोलाम, जागं राहण्यासाठी मोडाफिनिल, दोन्ही औषधांच्या सॅम्पलच्या कपाटातून काढून घेण्याची सवय लागली असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा, स्वतःच्या बॅचमेटकडे नको. ओळखीत बोलायचं नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालू असतो.

आणि रजा. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत वर्षाला २० किरकोळ रजा आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याला एक सुट्टी आहे. ती मागावी लागते. पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आठवडाभर आधी, लेखी, कोण बदली ड्यूटी करणार त्याच्या सहीसह अर्ज दिला तर मिळण्याची शक्यता जास्त. रोस्टर लागल्यावर तोंडी विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बघू.’